फिश टँकवर दुसरी फवारणी

आबा एका जागी बसतील तर शपथ! हॉलमधून गॅलरी, गॅलरीतून जिना, जिना उतरून गेट, गेटावर वॉचमनशी दोन शब्द, की परत वर. लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. मी शाळेत शिकवायला जाते, नवरा एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे दिवसभर हा माणूस काय करतो ते मला वॉचमनकडून कळायचं. "मॅडम, आजोबा आज एसटी स्टँडची वाट विचारत होते," असंही त्यानंच सांगितलं.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून निरवांगीला डाळिंबाच्या बागेतल्या खोलीत एकटेच राहायचे. मी एकुलती एक. ऐन उन्हाळ्यात ठिबकचा फिल्टर धुता धुता त्यांना चक्कर आली. सकाळी पडले ते दिवस कलल्यावर शेजारच्या रानातल्या माणसाला दिसले. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, यांना एकटं ठेवू नका. झालं. बाग वाट्यानं दिली, आबांना गाडीत घातलं आणि बारामतीला आणलं. वाटेत त्यांनी विचारलं, "किती दिस ऱ्हायाचं?" मी म्हटलं, "बघू." मला कायमचं म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना.

आमच्याकडं बापानं लेकीच्या घरी मुक्काम लांबवू नये अशी रीत. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाहीत. आबा घ्यायचे, पण स्वतः उठून. आणखी अर्धी भाकरी हवी असली तरी मागायचे नाहीत. पोट भरलं म्हणायचे आणि ताट उचलून मोरीत न्यायचे, की मी चिडलेच. नवरा बिचारा म्हणायचा, "आबा, घर तुमचंच आहे." त्यावर हे हसून "व्हय की, जावईबापू" म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. संध्याकाळ झाली की ठरलेलं, "बाय, मला नेऊन सोड. डाळिंबाचा बहार धरायचाय. हितं बसून कसं हुयाचं?" मी म्हणायची, "वाटेकरी बघतोय सगळं. गप बसा जरा." याच्या पुढं आमचं बोलणं कधी जायचं नाही.

त्यांना बसवायचं कसं, या एका विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती. टीव्ही त्यांना चालत नाही. पेपर दहा मिनिटांत संपतो. मग एके दिवशी शाळेतून येताना भिगवण रोडला शोभेच्या माशांचं दुकान दिसलं आणि मी गाडी लावली. दुकानदारानं मॉली दाखवले, पट्ट्यापट्ट्यांचे बार्ब दाखवले. बाजूच्या एका भांड्यात एक निळाशार जीव होता. अंग कोळंबीचं, नांग्या खेकड्याच्या. "हा क्रेफिश, मॅडम. गोड्या पाण्यातलाच. ह्याच्याकडं बघत माणूस तासभर बसतोय," तो म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

फिश टँक घरी आला त्या दिवशी आबांनी त्याच्याकडं लांबूनच बघितलं. उजनी धरणातले चिलापी मासे खात आलेला माणूस. म्हणाले, "ह्ये शिजवायचं कवा?" आणि निघाले जिन्याकडं. तेवढ्यात क्रेफिश दगडामागून बाहेर आला. दोन्ही नांग्या पुढं धरून, अंग तोलत, माशांवर चालून गेला. आबा थबकले. "आयला, पैलवान हाय की ह्यो! बघ की गं, खडाखडीला उतरलाय जणू!" मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चांगले बसले, पाठ टेकून. स्वयंपाकघरात भाजी करपत होती तरी मी तिथंच उभी होते.

त्या दिवसापासून आमच्या घरी पैलवान नांदायला लागला. आबांनी खाली कुठूनतरी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणून, कडा घासून, त्याच्यासाठी खोली केली. सकाळी दुधीची फोड, मटार उकडून. पैलवानानं एकदा एक मॉली खाल्ला तेव्हा आबांनी त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारीण विचारायला आली. एकदा तर मला वर्गातून फोन, "बाय, गेला गं पैलवान! उताणा पडलाय!" घरी येऊन बघते तर ते नुसतं टरफल. कात टाकून पठ्ठ्या पाइपात दडी मारून बसलेला. आबा स्वतःवरच एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मधल्या सुट्टीत फोन करायची, "आबा, काय चाललंय?" उत्तर यायचं, "पैलवान झोपलाय. तू बी तुजं काम कर." ते वाक्य ऐकलं की पुढचे दोन तास मला वर्गात शिकवता यायचं. नवरा म्हणाला, "त्या किड्याचा विमा काढ आता." मी त्याला काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता. तो प्राणी जिवंत आहे तोवर आबा इथं आहेत, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, रवा चिकटावा तसे. आबा अस्वस्थ झाले. भिंग घेऊन बसायचे. "रोग पडलाय. औषध पायजे." मी म्हटलं, रविवारी आणते. रविवारपर्यंत थांबतील तर ते आबा कसले! दोनच दिवसांनी मी शाळेतून आले तर म्हणतात, "औषध लागू पडलं. बघ, डाग उतरल्यात." खरंच उतरले होते. दुकानातून जाऊन औषध आणलं असेल असं मी धरलं. पायी एवढ्या लांब गेलात का, म्हणून वर मीच ओरडले. ते भिंग पुसत बसले. चेहऱ्यावर मात्र असं समाधान, की मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फिरायला गेले होते. मी दूध तापत ठेवलं आणि सहज टाकीत बघितलं. पैलवान पाइपाच्या तोंडाशी आडवा. आधी वाटलं, कात असेल. चमच्यानं हलवलं. कात नव्हती.

मी गॅस बंद केला. आता आबा येणार, बघणार, आणि संध्याकाळी म्हणणार, नेऊन सोड. या वेळेला मी काय म्हणणार होते? त्याला कागदात गुंडाळला आणि कुंडीतल्या मातीत पुरला. शाळेत कळवलं की उशीर होईल. दुकान उघडायच्या आधी शटरसमोर जाऊन उभी राहिले. तसाच निळा, जवळपास तेवढाच, एक मिळाला. आबा गेटावर वॉचमनशी बोलत होते तेव्हा मी त्यांच्या बाजूनं पिशवी पदराखाली धरून वर गेले. शिक्षिका बाई, आणि चोरासारखी आपल्याच जिन्यानं!

आबांनी त्या दिवशी बराच वेळ टाकीकडं बघितलं. "पैलवान उतरलाय गं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "कात टाकली असेल." ते म्हणाले, "कात टाकल्यावर वाढतंय का घटतंय?" मी कुकरची शिट्टी झाली म्हणून आत पळाले. शिट्टी झालीच नव्हती.

त्यानंतर आबांचं बसणं बदललं. खुर्चीच्या काठावर बसायचे, मधेच उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. नव्या क्रेफिशला जेवण टाकायचे, पण बोलायचे नाहीत त्याच्याशी. मी विचारायची, बरं वाटतंय ना? "हां, मला काय झालंय?" मला झोप लागेना. कळलं असेल का? नसेल. कळलं असतं तर बोलले नसते का?

रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर आबा ओट्यापाशी उभे. स्टीलच्या पेल्यात निळं पाणी. दुसऱ्या हातात तंबाखूच्या चुन्याची डबी. बोटानं चुना घालून ढवळत होते. मग खिशातून एक लोखंडी खिळा काढला आणि पेल्यात बुडवून उजेडात धरला. हे मी लहानपणी हजारदा बघितलंय. खिळा तांबूस झाला की चुना कमी पडला, अजून घालायचा. बागेत पिंपभर करायचे, ते आज पेल्यात.

"आबा, हे काय?"

"बोर्डो. बागंवर मारतो त्येच, मोरचूद आन चुना. दुसरी फवारणी. निम्मं सकाळीच टाकलंय टाकीत, निम्मं ऱ्हायलंय. आठवड्यानं दुसरा हात दिला न्हाय तर रोग फिरून येतोय."

मी पेला त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. दुकानदाराला फोन लावला. तो ओरडला, "मोरचूद? तांबं? मॅडम, मासे निभावतात एखाद्या वेळेस. क्रेफिशला तांबं म्हणजे विष!" फोनचा आवाज मोठा होता. आबांनी ऐकलं.

मग आम्ही दोघं बापलेक जी धावपळ केली ती काय सांगू! आबांनी चाळणीनं त्याला काढला, मी बादलीत साठवणीचं पाणी ओतलं. "ह्या बादलीत न्हाय, साबणाची हाय ती! पातेलं आण!" "आणते हो, ओरडू नका!" पातेल्यात तो एका कुशीवर पडला. पाय हलत होते. आबा जमिनीवर बसून पाण्यावर फुंकर घालत होते, तेवढीच हवा मिळंल म्हणून. दुपारच्या आत ते पायही थांबले.

आबांनी चाळणी पालथी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे पयला बी माज्याच हातनं गेला."

मी चाटच पडले. "पहिला?"

"त्याची एक मिशी तुटल्याली हुती, बाय. ह्याला दोनी हायत. मी झाडं वळखून जलम काढला, मला पैलवान वळखाय येत न्हाय?" त्यांनी वर बघितलं नाही. "मला वाटलं, रोगानं गेला. तू एवढी धडपड करून दुसरा आणलास, म्हनून बोललो न्हाय. म्हटलं, ह्यो तरी जगवू. ह्याच्यासाटी केली की दुसरी फवारणी."

म्हणजे मी पैलवान गेल्याचं सांगितलं असतं तर औषधाचा विषय निघाला असता, आणि त्यांनी ओळखल्याचं सांगितलं असतं तर मी औषध कुठलं ते विचारलं असतं. एवढं माझ्या डोक्यात येईस्तोवर आबा उठले आणि खोलीत गेले. मागोमाग गेले तर पलंगावर पिशवी. सदरे, धोतरं, गोळ्यांची डबी, एकेक भरत होते.

"एसटी हाय बाराला. जंक्शन गावावरनं निरवांगीला जाईन मी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "एका किड्यासाठी?"

"किड्याचं न्हाय. आजारी माणसाला खोटं सांगत्यात, बाय. न्हायतर पाव्हण्याला. मी कोन हाय ह्या घरात, त्येवडं सांग." हात थांबला नाही त्यांचा. "मी रानात पडलो, गाव बोलाय लागलं आसंल, लेकीनं बाप टाकला म्हनून. तू आणलंस, बरं केलंस. वर ही काचंची पेटी दिलीस, म्हाताऱ्यानं गप बसावं म्हनून. बसलो की सा म्हैनं. झालं न्हवं तुजं?"

"गाव गेलं खड्ड्यात!" मी केवढ्यानं ओरडले ते मलाच कळलं नाही. नवरा दारात येऊन उभा राहिला. "गावाचं काय घेऊन बसलाय? तुम्ही त्या फिल्टरपाशी दिवसभर उन्हात पडून होता. मी तेव्हा वर्गात कविता शिकवत होते, हसत होते, डबा खात होते. मला माहीतच नव्हतं! परत पडाल, मराल तिथं, आणि मला दुसऱ्या दिवशी कळेल. ह्याची भीती वाटते मला, आबा. रोज वाटते. म्हणून आणला तो मेला प्राणी. मला तुम्ही हवे आहात."

एवढं मी आयुष्यात त्यांच्याशी बोलले नव्हते. रडायलाच लागले. नवरा आला तसा मागच्या मागं गेला.

आबा पलंगाच्या कडेला बसले. एक सदरा त्यांच्या मांडीवर तसाच होता. त्याची घडी मोडत म्हणाले, "मग हे पयल्या दिवशी का न्हाय बोललीस? मी इचारलं हुतं की गाडीत."

मी पदरानं डोळे पुसले.

त्यांनी मांडीवरचा सदरा दाराच्या खुंटीला अडकवला. पिशवीतून आणखी एक काढला आणि त्याच्या शेजारी अडकवला. बाकीचे पिशवीतच राहू दिले. मग मला म्हणाले, "आर्धी भाकरी दे. भूक लागलीया."