टिकारामचा मुरूम

माझा धाकटा दीर टिकाराम दिसायला देखणा आहे, हे मी वहिनी म्हणून सांगत नाही. आमच्या गावच्या दंडारीत तो सहा वर्षं राणी झाला, म्हणून सांगते.

आमचं गाव सालेकशाकडचं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी, सोयरेधायरे येतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि भर दुपारी गावाच्या मधोमध दंडार उभी राहते. दंडार म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक. त्यात बायांची कामं पुरुषच करतात. टिकाराम गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला होता. रोज गाडीनं जायचा, दिवसभर धानाची पोती पाठीवर वाहायचा आणि संध्याकाळी परत यायचा. पण लुगडं नेसून उभा राहिला की पाहुण्या बाया विचारायच्या, "ही कोणाची सून गा?" खरी सून मी मागं उभी असायची. मला कोणी विचारत नसे.

असा हा दणकट माणूस, पण तोंडाची कातडी तान्ह्या लेकराची. मिलचा कोंडा उडाला की लाल व्हायचा. नवीन टॉवेलनं तोंड पुसलं तरी लाल व्हायचा. आणि मंडईनंतर तर विचारू नका. दंडारीचा म्होरक्या भैय्यालाल त्याच्या तोंडाला तेलात कालवलेला सफेदा थापायचा, त्यावर गालाला हिंगूळ. दंडार संपली की रॉकेलात बुडवलेला बोळा आणि वर टाचा घासायची वजरी. भैय्यालाल म्हणायचा, "रंग लगाया है तो निकालना भी पड़ेगा, रानी." रंग निघायचा, त्यासोबत थोडा टिकारामही निघायचा. दुसऱ्या दिवशी तोंड सीताफळासारखं. पंधरा दिवस मुरूमच मुरूम.

आता मुरूम हा शब्द दोन ठिकाणी सापडतो, तोंडावर आणि रस्त्यावर. त्यामुळे गावाला आयतंच मिळालं. "टिकाराम, ग्रामपंचायतीनं मुरूम तर टाकला, रोलर कधी फिरवून राहिले?" असं चौकात बसणारे विचारायचे. तोही हसायचा. हसला की दुखायचं.

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक. पण त्याचं लग्नाचं वय झालं, आणि पाहुणे मुलगा पाहायला येणार तेही दिवाळीनंतरच, धान कापून हात मोकळे झाले की. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, "पोट्ट्याले गोवर निघाला काय?" आणि चहा न पिता गेले. दुसरे मंडईतच आले होते. त्यांनी निरोप पाठवला की राणी पसंत आहे, मुलगा नाही.

२००३ साली तिसरं स्थळ आलं. दरेकशाकडचे केवलराम म्हणून होते, त्यांची मुलगी चमेली. टिकाराम आधी जाऊन मुलगी पाहून आला. आला तो ओसरीवर बसला आणि दोन तांबे पाणी प्यायला. मी विचारलं, "कशी आहे, भाऊजी?"

"वहिनी, ही नाही झाली तर मी जन्मभर राणीच बरा."

केवलराम मंडईच्या तिसऱ्या दिवशी मुलगा आणि घर पाहायला येणार, असं ठरलं. म्हणजे रंग लावायचा, काढायचा, आणि तिसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं. मी म्हटलं, "या वर्षी राणी दुसऱ्याला द्या." तो म्हणाला, "कोणाले देऊ? भैय्यालाल राणी झाला तर राजा पहिल्याच गाण्यात वनवासाले जाईन."

मग उपाय शोधणं सुरू झालं. पहिल्यांदा तो गोंदियाच्या बाजारात बायकांच्या सामानाच्या दुकानात गेला. तिथला प्रसंग त्यानंच मला सांगितला. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए चाहिए, भैया?" आमचा लाजला. म्हणाला, "रानी के लिए." दुकानदाराला वाटलं, बायकोचं नाव असेल. "रानी भाभी की स्किन कैसी है? ऑयली है? ड्राय है?" टिकारामनं विचार केला आणि खरं ते सांगितलं, "दाढ़ी निकलती है." दुकानदारानं एक बाटली कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, क्लिंझिंग मिल्क आहे, कापसानं हलक्या हातानं लावा.

घरी येऊन टिकारामनं बाटली आईच्या हातात दिली. "आई, हे मिल्क हाये, जपून ठेव." आणि हातपाय धुवायला गेला. माझ्या सासूबाई, धुरपता त्यांचं नाव, जपून ठेवण्यात पक्क्या. दूध आहे म्हटल्यावर नासू नये म्हणून त्यांनी ते गंजात, म्हणजे आमच्या पातेल्यात, ओतलं आणि विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर जसंच्या तसं. त्यांनी मला बोलावलं. "पाहा बाई, शहरातलं दूध. दही लागत नाही, साय येत नाही. वास मात्र अत्तराचा. असल्या म्हशी कायले पाळतात?" टिकारामनं गंजात डोकावून पाहिलं, आणि तो मिलला उपाशीच गेला.

मीही देवापुढं दिवा लावताना हात जोडायची. पण तोंडासाठी नवस बोलायचा मला संकोच वाटला. देवाला किती कामं असतात.

घरात हे सगळं चाललं होतं आणि सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, नाव शालीकराम, ते गप्प होते. ते तसे गप्पच असतात. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं बोलत नाहीत, आणि एकही अर्धंच बोलतात. मंडईला आठ दिवस असताना शेतीखात्याचे साहेब धान पाहायला आमच्या शेतात, बांधीवर आले. मामाजींच्या ओळखीत शिकलेला माणूस तेवढा एकच. मी डबा घेऊन गेले होते, बांधावर बसून सगळं ऐकलं. पण वडीलधारे बोलत असताना सुनेनं मध्ये बोलावं कसं?

मामाजी म्हणाले, "साहेब, मुरूम लय झाला. काय करावं?"

साहेबांनी वही काढली. "किती जागेत आहे?"

"जागा थोडीच हाये. पण नजरेत भरते."

"आजवर काय केलं तुम्ही?"

"रॉकेल टाकत होतो."

साहेबांनी चष्मा काढून मामाजींकडं पाहिलं. "रॉकेल? अहो, जळून जाईल सगळं. ते आधी बंद करा. असलं जहाल काही टाकायचं नाही. दुसरं म्हणजे खोल नांगरू नका. जितकं खोल उकराल तितका मुरूम वर येतो. आधी चांगली ओल करून घ्या आणि मग वरच्या वर हलका वखर फिरवा."

"हलका," मामाजी म्हणाले.

"एकदम हलका. मग तळ्याचा, बोडीचा गाळ आणा. बारीक करा, चाळून घ्या, पातळ थर द्या. शेणखतही चालतं."

"शेणखत राहू द्या," मामाजी म्हणाले. "गाळच बरा."

"पण हे काम उन्हाळ्यातलं आहे."

"उन्हाळ्यापर्यंत थांबता येत नाही, साहेब. मंडईच्या तिसऱ्या दिवशी केवलराम पाहायले येऊन राहिले. पोट्ट्याची सोयरीक हाये."

साहेब हसले. "असं आहे होय. पाहुण्यांच्या आधी झाकायचं आहे तर. मग घाई करा."

साहेब गाडीवर बसून गेले. मी म्हटलं, "मामाजी, साहेबांना वाटलं तुम्ही शेताचं विचारून राहिले."

"मातीचं शिकलेला माणूस हाये," मामाजी म्हणाले. "माणूसही मातीचाच हाये." आणि भाकर खायला बसले.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठचा गाळ टोपलीभर आणला. सासूबाईंनी तो उन्हात वाळवला, खलबत्त्यात कुटला, माझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यातून तीनदा गाळला. काळाभोर, पिठासारखा झाला. रॉकेल बंद, वजरी बंद. गिरणीतून आला की टिकाराम कोमट पाण्यानं तोंड भिजवायचा, ती झाली ओल. मऊ फडकं हलक्या हातानं फिरवायचा, तो वखर. मग गाळाचा पातळ थर. सुकेपर्यंत बोलायचं नाही, कारण बोललं की भेगा पडायच्या. सासूबाई समोर बसून पहारा द्यायच्या, "हासू नको रे, धुरे फुटून राहिले." धुरा म्हणजे शेताचा बांध. मग त्याला हसू आवरत नसे.

मंडईच्या दिवशी भैय्यालाल रॉकेलचा डबा घेऊन तयारच होता. टिकारामनं राणीच्या वेशातच घर गाठलं. मी फडकं ताकात भिजवून रंग हळूहळू टिपून घेतला. अर्धा तास गेला. भैय्यालाल दारात उभा राहून म्हणाला, "अरे, इतने में तो दो रानियाँ धुल जातीं." मग कोमट पाणी, मग गाळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिकारामचं तोंड पाहिलं आणि मी देवघरात जाऊन दिवा लावला. स्वच्छ. कपाळावर एक बारीकसा राहिला होता, पण तो देखण्या माणसाला शोभतो. खरं सांगू? गाळाचा गुण किती, मला ठाऊक नाही. मला तर वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडाला कोणी घासलं नाही, जाळलं नाही, हाच उपाय असेल.

केवलराम दोन सोयऱ्यांना घेऊन आले. सायकली भिंतीला लावल्या. टिकाराम नवीन शर्ट घालून, तोंड उजेडाकडं करून बसला होता. पण केवलराम तोंडाकडं पाहतच नव्हते. अंगणात पायाच्या अंगठ्यानं माती उकरून पाहत होते. पोहे घेतले, चहा घेतला, आणि म्हणाले, "शालीकरामजी, शेती किती हाये?"

"साडेतीन एकर."

"कशी हाये?"

"धानाची बांधी हाये. चांगली हाये."

केवलरामांनी कप खाली ठेवला. "राग मानू नका. शेतीखात्याचे साहेब आमच्याही गावाले येतात. त्यांनी सोयरीक कोठं म्हणून विचारलं, तर मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, माणूस साधा हाये, पण शेतात मुरूम लय हाये. अन् आम्ही यायच्या आधी गाळ टाकून झाकून राहिला हाये. जिथं धान पिकत नाही तिथं पोट्टी कशी देऊ, सांगा?"

आत सासूबाईंनी माझा हात धरला. बाहेर मामाजी म्हणाले, "झाकला नाही. काढला."

"म्हणजे होता."

"होता."

"कोणत्या बांधीत?"

"बांधीत नाही."

"मग कोठं?"

मामाजींचं दिवसभराचं बोलणं तिथंच संपलं. ते टिकारामकडं पाहायला लागले. टिकारामचे कान लाल झाले. सांगितलं तर मुरूमही कळणार आणि राणीही कळणार, कारण राणीचं आम्ही केवलरामांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. नाही सांगितलं तर साडेतीन एकर चांगली जमीन नापीक ठरणार आणि चमेली जाणार. तो उठून उभा राहिला.

"बाबांनी माझ्या तोंडाचं विचारलं होतं," तो म्हणाला. "मी दंडारीत राणी होतो. रंग लागतो, रॉकेलनं काढतात, मग मुरूम निघतात. शेतात खडा नाही. मुरूम माझ्या तोंडावर होता."

केवलराम उठले. त्यांनी टिकारामची हनुवटी धरली, बाजारात बैल पाहावा तसं तोंड या अंगाला फिरवलं, त्या अंगाला फिरवलं.

"दिसत तर नाही."

"साहेबांनी सांगितल्यासारखं केलं," मामाजी म्हणाले. "खोल नांगरलं नाही."

केवलरामांचा एक सोयरा पोहे खात होता, त्याला ठसका लागला. तो पाठ थोपटूनही थांबेना, मग कळलं की तो हसून राहिला आहे. मग दुसराही हसला. केवलराम मात्र हसले नाहीत. "तोंड पाहिलं, आता शेत दाखवा," म्हणाले. माणूस खरं बोलतो ते ऐकायचं, पण पोट्टी द्यायची तर डोळ्यांनी पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यात चूक काय होती?

सगळे शेतावर गेले. तासाभरानं आले तेव्हा केवलरामांच्या हातात ओल्या काळ्या मातीचा गोळा होता, मुठीचे ठसे उमटलेला. ते मला म्हणाले, "बाई, हात धुवाले पाणी दे." मी पाणी घालत असताना त्यांनी आवाज खाली केला. "तो गाळ तोंडाले कसा लावता? आमची चमेली तोंडावरचे मुरूम राखेनं घासते. आम्ही सांगून थकलो. तुमचा पोट्टा पाहाले आला तेव्हा तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला होता, तो कायले, समजा."

मी सगळं सांगितलं: ओल, हलका वखर, पातळ थर, सुकेपर्यंत हसायचं नाही. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. सासूबाईंनी उरलेला गाळ डब्यात भरून आणला, पण केवलरामांना डबा थोडा वाटला. मग मामाजींनी खताच्या रिकाम्या गोणीत बोडीचा कच्चा गाळ भरून दिला. टिकारामनं ती गोणी एका हातानं उचलून सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. ते मात्र केवलरामांनी नीट पाहिलं.

दोरीची गाठ मारता मारता ते मामाजींना म्हणाले, "शालीकरामजी, गोणीभर किती दिवस पुरते?"

"पुरते दोन-तीन महिने."

"बरं. पुरला नाही तर वैशाखात पोट्टीच पाठवून देतो. ती बोडीजवळच राहीन." आणि सायकल ढकलत निघाले.

मामाजींना ते कळायला थोडा वेळ लागला. टिकारामला लगेच कळलं. तो अंगणात तसाच उभा होता, शर्टाला गाळ लागलेला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, पोहे उरले काय? सकाळपासून काही खाल्लं नाही."