काचेआडचं ऊन

दाभणबाईंचं खरं नाव ग्रंथालयाच्या हजेरीपुस्तकात आहे, आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं त्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांची बांधणी करत आल्या. जाड कागदाला भोक पाडायचा दाभण सतत त्यांच्या हातात असे आणि तसाच एक जिभेवरही आहे, असं सगळ्या कर्मचाऱ्यांचं मत होतं. पुस्तक फाडून आणणाऱ्याकडे त्या आधी नीट बघून घेत, मग पुस्तकाकडे. त्या बघण्यानेच निम्म्या लोकांनी कानाला खडा लावला होता.

खोलीचा कायदा एकच: खिडकीचा पडदा उघडायचा नाही. उन्हाने कापडाचा रंग उडतो, कागद पिवळा पडून मोडायला लागतो. सकाळी आठला त्या आत शिरत आणि दिवेलागणीला बाहेर पडत. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून घेतलेली काळजी बाईंनाही आपोआप लागू झाली होती, पण हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

बारा वर्षांपूर्वी त्यांना संधिवात जडला. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. शरीराची राखण करणारी फौजच सांध्यांवर उलटते, तो. सकाळी मुठी वळेनात, डब्याचं झाकण निघेना. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. त्यांनी दाभणाच्या मुठीला रबर गुंडाळून ती जाड करून दिली आणि बाईंचं काम पुढे चालू राहिलं. जन्मभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. यावरून बाईंनी त्यांना इतकं टोचलं होतं की आता त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दुखणं असं रोजचं झालं की माणूस त्याची चौकशी करायचं सोडून देतो. खांदा भरून आला, संधिवात. जबडा ठणकला, संधिवात. बाईंनी सगळ्या दुखण्यांना एकच नाव देऊन टाकलं होतं.

मग एका तपासणीत ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली आणि थोडं ऊन अंगावर घ्यायला सांगितलं. आधीच मूठभर गोळ्या गिळाव्या लागत. त्यात आणखी एक घ्यायची बाईंची तयारी नव्हती. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि उन्हावर भिस्त ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पडदा हातभर सरकला. पुस्तकं कपाटात गेली आणि बाई रोज बाह्या वर करून खिडकीशी शिवत बसू लागल्या. काच मात्र बंदच, नाहीतर वाऱ्याने सुटी पानं खोलीभर झाली असती.

ऊन पोचतंय का, याची खात्रीही त्यांनी आपल्या पद्धतीने केली. निळ्या कापडाची एक पट्टी खिडकीत ठेवली, अर्धी उघडी, अर्धी पुठ्ठ्याखाली. तीन महिन्यांनी उघडी बाजू राखी पडली. पट्टी बघून बाई खूश झाल्या.

याच तीन महिन्यांत त्या जिन्यात थांबू लागल्या होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी उगाच या हातातून त्या हातात घ्यायच्या.

"काय झालं?" यजमान विचारत.

"गुडघा. तुमच्या लिफ्टची वाट बघतेय."

ते हसत, पण त्यांचं लक्ष होतं. बिघडणारी लिफ्ट एकदम बंद पडत नाही, आधी मजल्याच्या बोटभर खाली थांबायला लागते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आणि छातीत काहीतरी आवळतंय, हे बाईंनाही कळत होतं. पण बोललं की डॉक्टर जिना बंद करणार, जिना बंद म्हणजे खोली बंद, आणि खोली बंद झाली तर ही वाकडी बोटं घेऊन चौथ्या मजल्यावर बसून करायचं काय? या धास्तीने त्या मूग गिळून होत्या.

पुढच्या तपासणीला दोघं गेले. ड जीवनसत्त्वाचा आकडा जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी घेताय ना?"

"गोळी कशाला? रोज तासभर उन्हात बसते." बाईंनी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. "हा पुरावा. खोटं बोलणारं कापड अजून निघालेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटसुलट बघितली. त्या हसल्या नाहीत. "खिडकीला काच आहे?"

"आहे की."

"मग कापड खरं बोलतंय. रंग उडवणारं ऊन काचेतून येतं. कातडीत ड तयार करणारं ऊन वेगळं असतं, ते काच अडवते."

बाईंनी पट्टी उचलून परत पर्समध्ये टाकली. बाईंचं कसब खोटं नव्हतं, पण तीन महिने ऊन खाल्लं ते एका चिंधीने. त्यांनी विचारलं, "एवढं महत्त्वाचं असतं ते?"

"हाडांसाठी नक्कीच. आणि या आजाराची सूज सांध्यांपाशी थांबत नाही, रक्तवाहिन्यांनाही लागते. म्हणून तुमच्यासारख्यांचं हृदय आम्हाला जास्त जपावं लागतं. ड कमी असलेल्यांत हृदयाचा त्रास जास्त दिसतो."

"म्हणजे गोळी घेतली की काळीज ठणठणीत?"

"तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. गोळी घ्या, पण काळजाचं वेगळं बघायला हवं. चढताना दम लागतो?"

"छे," बाई म्हणाल्या. "गुडघा दुखतो तेवढाच."

यजमान अशा ठिकाणी सहसा तोंड उघडत नसत. आज ते म्हणाले, "गुडघा दुखला की ही खाली बघते. बारा वर्षं बघतोय मी. हल्ली दुसऱ्या वळणावर तोंड उघडं टाकून वर बघते."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. फाटकं पुस्तक आणणाऱ्याकडे बघत तसं बघायचं होतं, पण जमलं नाही. आपण लपवतोय असं समजत होतो आणि हा माणूस रोज एक पायरी मागे उभा राहून सगळं वाचत होता. त्यांना रडू आलं, आणि त्याचा त्यांना रागही आला.

"आवळतं इथे," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "दीडेक महिना झाला."

पुढचं सगळं चार दिवसांत झालं. हृदयाची एक नळी पाऊण बुजली होती. तिच्यात बारीक जाळी बसवली. जिना महिनाभर बंद होता, कायमचा नाही. त्या महिन्यात बाईंनी यजमानांना लिफ्टवरून एकदाही टोचलं नाही, तेव्हा ते खरे घाबरले.

आता बाई पुन्हा कामावर जातात. खोलीचा पडदा पूर्वीसारखा बंद आहे. आठवड्याची गोळी चुकत नाही. दहा-अकराच्या सुमारास त्या खुर्ची ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात टाकून बाह्या वर करून बसतात आणि चहा पितात. पुस्तकं आत सावलीत, त्या बाहेर उन्हात.

परवा संध्याकाळी दुसऱ्या वळणावर त्या पुन्हा थांबल्या. मागच्या पायरीवर यजमान होते. ते घाईने पुढे येऊन बायकोच्या तोंडाकडे बघायला लागले.

तोंड मिटलेलं होतं. बाई खाली बघत होत्या.

"काय बघताय? आज खरंच गुडघा आहे," त्या म्हणाल्या.

यजमान तिथेच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तो गुडघा चोळू लागले.