जहाजाची तीन नावं

पेंटरचाचांना इंग्रजी वाचता येत नसे, पण जानेफळातल्या निम्म्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या त्यांच्याच हातच्या. कागदावरचं अक्षर ते भिंतीवर जसंच्या तसं उतरवत. "मी वाचत नाही, पाह्यतो," म्हणायचे.

फ्लेक्स आले आणि त्यांचं काम बसलं. चाची आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. परदेशी बंदरावर रंगकाम मिळेल म्हणून एका एजंटाने त्यांना नेलं आणि मासेमारीच्या जहाजावर चढवलं. पासपोर्ट कप्तानाने काढून घेतला. अडीच वर्षं त्यांनी जमीन पाहिली नाही. मासळी दुसरं जहाज भर समुद्रातूनच उचलून न्यायचं. तापाने फणफणलेल्या माणसालाही जाळं ओढायला उभं करत. अखेर इंजिन बिघडून जहाज बंदराला लागलं, तेव्हा चाचा उडी टाकून पळाले.

दूतावासाच्या मदतीने परतल्यावर ते कोणात मिसळेनात. कोणी दर्याच्या गमती विचारल्या की चहा अर्धा ठेवून उठत. मी शेजारचा शाळामास्तर. माझ्या ओट्यावर तेवढे येऊन बसत, बहुतेक गप्पच. एकदा म्हणाले, तक्रार लिहून द्या. मी जहाजाचं नाव विचारलं.

"कोणतं सांगू, सर? बंदी असलेल्या पाण्यात मासे मारायचे, अन् पकडल्या जायची भीती वाटली की नाव बदलायचे. जुनं खोडून नवं मीच रंगवलं. मले येते म्हणून मलेच सांगत."

मला पुढे लिहवेना. चाचांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि तिन्ही नावं एकाखाली एक काढली, अक्षरांच्या वळणांसकट.

अर्ज खलाशांच्या एका संघटनेला पाठवला. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्या नावांवरून जहाज सापडलं होतं, अकरा जण सुटले होते. मी धावतच सांगायला गेलो. चाचांनी एवढंच विचारलं, त्यात इंडोनेशियाचा हसन आहे का. मी उलट फोन लावला. हसन तापात गेला होता. त्याला समुद्रातच सोडलं होतं.

चाचा म्हणाले, "उडी मारताना त्याले हात धरून ओढलं होतं मी. उभं राह्यता येत नव्हतं त्याले. त्यानंच माह्या हात सोडवला."

शुक्रवारी त्यांनी मशिदीत हसनसाठी दुआ मागायला सांगितलं. इमामसाहेबांनी त्याच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. चाचांना त्याचं नाव आणि देश, एवढंच ठाऊक होतं.

पुढे ते धाड गावी बहिणीकडे राहायला गेले. एसटीत बसवून द्यायला मी एकटाच होतो. खिडकीतून म्हणाले, "हसनच्या घरचं कोणी सापडलं, त तुमच्याच फोनवर येईल ते. मले सांगजा, सर."

चाचांना धाडला जाऊन दोन वर्षं झाली. मी मोबाईल बदलला, नंबर तोच ठेवला आहे.