नानांनी अंगावर घेतलेली चूक

नानांच्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही विसरभोळे आहात हे आधीच सांगून ठेवते. आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नानांबरोबर दिव्याच्या कामाला आलात तेव्हा एकजण पान्हा विसरला, एकजण चप्पल विसरला, आणि माझ्या हातची कढी तर सगळेच विसरलात. नाहीतर इतक्या वर्षांत एकदा तरी तोंड दाखवलं असतं. म्हणून नानांच्या साठीच्या या ग्रंथात जे सांगायचं ते मीच सांगते. मला अक्षर येत नाही. नात लिहिते आहे आणि मधूनच माझी वाक्यं सरळ करते आहे.

वसंतराव, म्हणजे आपले नाना, तेव्हा धुळ्याच्या तंत्रशाळेत शिकवत. साक्रीपलीकडच्या आमच्या गावात वीज आली नव्हती. एके दिवशी नाना एसटीतून उतरले ते गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेऊन. मला वाटलं, देवाच्या तसबिरी विकणारे आहेत.

"काय आणलं, मास्तर?"

"अक्का, उन्हावर दिवा लावणारी पाटी."

"ऊन आमनाकडे बख्खळ शे. पाणीनी पाटी शे का?"

नाना मोठ्याने हसले आणि ओट्यावर बसले. आमचं धाबं उंच, वर झाडाची सावली नाही, म्हणून त्यांनी आमचंच घर निवडलं. मला मात्र म्हणाले, "अक्का, तुमचा आवाज गावभर ऐकू जातो. तुम्हाला पटलं की गावाला पटेल." सरकारी योजनेतून पहिली पाटी आमच्याकडे बसली. खाली लाकडी खोक्यात बॅटरी, आणि दोन नळीचे दिवे. चूल दिसू लागली, भाकरीचा करपलेला काठ दिसू लागला, आणि सून माझ्यापासून काय काय लपवते तेही दिसू लागलं.

गावातल्या अकरा घरांनी दिव्यासाठी नावं दिली. चैत्र संपताना नाना त्या सगळ्यांना आमच्याकडे दिवा दाखवणार, आणि मग अर्ज योजनेच्या साहेबांकडे जाणार, असं ठरलं.

आता माझी करणी ऐका. चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडे बिबड्यांचे दिवस. ज्वारीचं पीठ शिजवायचं, लसूण-तीळ घालायचे आणि धाब्यावर कापड अंथरून थापायचं. कापडावर धूळ बसते, कावळा चोच मारतो. आणि इथे ही काच कशी स्वच्छ, कशी तापलेली! जेमतेम पाच बिबडे मावले, पण ओले असल्यामुळे तिरप्या काचेवरही छान चिकटून राहिले. एका दिवसात कडक. मग मी रोजच थापू लागले. आठ दिवस. संध्याकाळी काढून घ्यायचे, त्यामुळे घरातही कुणाला कळलं नाही. दिवा मंद व्हायला लागला तेव्हा मी म्हटलं, नवीन आहे, दमला असेल.

ठरलेल्या दिवशी दिवेलागणीला अकरा घरांची माणसं अंगणात जमली. नानांनी बटण दाबलं. दिवा एकदा मिचकला आणि विझला. दुसरा तर मिचकलाही नाही.

शेजारचा देवबाभाऊ म्हणाला, "मास्तर, तुमना सूर्य सुटीवर गया का?" सगळे हसले.

नाना शिडीने धाब्यावर गेले. मागोमाग मी. त्यांनी पाटीवरून नख फिरवलं. पांढरा पापुद्रा निघाला, त्यात तीळ. त्यांनी वास घेतला, आणि खरं सांगते, जिभेवरही ठेवला. नाना हळूच म्हणाले, "मीठ बेताचं आहे, अक्का." आणि रुमालाने काच पुसून खाली उतरले.

अंगणात त्यांनी सांगितलं, "जोडणी चुकली. चूक माझी."

गावभर जाणारा माझा आवाज तेव्हा कुठे गेला, देव जाणे.

अकराच्या अकरा घरांनी नावं काढून घेतली. ते दिवे दुसऱ्या तालुक्यात गेले, आणि वरून साहेबांनी नानांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. हे मला फार उशिरा कळलं. मी त्यांना विचारलं, "का हो असं केलंत?" ते म्हणाले, "अक्का, मला चार दिवस हसले. तुम्हाला जन्मभर हसले असते. मग या गावातल्या कोणत्या बाईने त्या पाटीला हात लावला असता?"

त्या फजितीनंतरच्या पुढच्याच फेरीला त्यांनी मला बॅटरीत पाणी घालायला शिकवलं. विहिरीचं नाही, बाटलीतलं. किती घालायचं हे वाचता येईना, म्हणून त्यांनी माझ्या कुंकवाने खूण करून दिली. मग मी घरोघरी जाऊन बायकांना शिकवलं. दोन वर्षांनी पुन्हा नावं आली, यावेळी बायकांची.

आज पाटी तीच आहे. बॅटरी दोनदा बदलली. घासलेटच्या रांगेत उभी राहिले नाही त्याला किती वर्षं झाली, मोजलं नाही. सुनेने त्या उजेडात गावाची झंपरं शिवली. ही लिहिणारी नात नाकात काजळी न जाता शिकली. आता गावात तारा आल्या, पण संध्याकाळी वीज गेली की देवबाभाऊ सुपारी कातरायला आमच्याच ओट्यावर येतो.

त्यालाही आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगते: त्या दिवशी जोडणी बरोबर होती, नाना बरोबर होते, चूक माझी होती. हे जाड अक्षरात छापा. मला वाचता येत नाही, पण गावाला येतं, आणि ठपका ठेवणाऱ्या साहेबांनाही येत असेल.

नानांचे गुडघे शाबूत राहोत, त्यांना धाबी चढता येवोत, आणि माझ्यापेक्षा जास्त वर्षं मिळोत. मी तर अजून बरीच राहणार आहे. सत्काराला मला येववणार नाही. पेढे पाठवू नका, दात नाहीत. नानांच्या मूळ गावच्या, पाचोऱ्याकडच्या हिरव्या वांग्यांचं भरीत पाठवा, मऊ, देठाची नस काढलेलं. सोबत कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, दोन भाकरी. तिखट नानांना सोसतं तेवढंच घाला, आणि डबा साक्रीच्या पहिल्या एसटीने द्या.