मी घूंऽऽ घालवली!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे तुम्हाला माझी दया येण्याची शक्यता आहे.

मला वाटलं होतं, परदेशात ध्वनितंत्र शिकून नागपूरला परतले की केवढी मोठी कामं माझी वाट बघत असतील! जुन्या गायिकांचे आवाज जतन करायचे, इथली गाणी जगापुढे न्यायची… विमानात मी त्यावर छोटंसं भाषणही लिहिलं होतं. प्रत्यक्षात मला मिळाली एक घूंऽऽ.

माझी आत्या आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांचं भीमगीतांचं मंडळ चालवते. गाणाऱ्या पाच जणी. पेटी वर्षभरापासून फुटकी, ढोलकीवाली लग्न होऊन रायपूरला गेलेली. म्हणून ढोलकी वाजते लॅपटॉपवर, लॅपटॉप जोडलेला बाबांच्या जुन्या स्टिरिओला, आणि ढोलकीच्या मागे सतत घूंऽऽ. डब्यात भुंगा कोंडावा तशी.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. उमरेडला कार्यक्रम, मंडळाचा पहिलाच स्टेज. शेवटची तालीम चालू होती.

"थांबा!" मी म्हणाले. "हा आवाज घेऊन स्टेजवर जाणार तुम्ही?"

"कोणता आवाज वं?" आत्याने विचारलं.

बघा! यांना तो ऐकूसुद्धा येत नव्हता. माझ्या अंगात ध्येयवाद संचारला.

आधी मी कूलर बंद करायला लावला. मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी. घूंऽऽ तशीच. मग पंखे. मग शेजारच्यांचा फ्रिज.

"आता श्वासही बंद करू काय?" मंडळातल्या शांताकाकूंनी घाम पुसत विचारलं.

कष्टाशिवाय कला नाही, अशा अर्थाचं काहीतरी मी बोलले.

शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला. घूंऽऽ गायब! एक्स्टेन्शन बोर्डाला अर्थिंगच नव्हतं, म्हणून चार्जरची कुरकुर थेट स्टिरिओत उतरत होती. हे मी सविस्तर समजावून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक कूलर परत सुरू झाला म्हणून.

मग गाणं सुरू झालं आणि पाच जणी पाच गावांना निघाल्या.

"शांते, तू वर काहून जाऊन राहिली?" आत्या ओरडली.

"मी जागेवरच आहो. तुमचाच घसा बसला!"

"माझा घसा? तीस वर्षं गाऊन राहिली मी!"

"म्हणूनच बसला!"

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शेवटी शांताकाकूंनी पर्स उचलली. "उद्या बसमध्ये माझी जागा धरू नका." आत्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. वर्षभर ती याच एका स्टेजची वाट बघत होती.

त्यात जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपत आली. निदान ढोलकी तरी बंद पडू नये, म्हणून मी गुपचूप चार्जर लावला.

घूंऽऽ.

दारापर्यंत पोचलेल्या शांताकाकू थबकल्या आणि तिथूनच त्यांनी ध्रुपद उचललं. अचूक! आत्या मिसळली, मग बाकीच्या. पाचही आवाज एका सुरात, जणू काही झालंच नव्हतं.

कळलं का तुम्हाला? पेटी फुटल्यापासून या बायका त्या घूंऽऽमधूनच सूर घेत होत्या! त्यांना पत्ता नव्हता. आणि मला? मी तर ध्वनितंत्राची पदवीधर. मलाही नव्हता.

मोठ्या आवेशात सांगणारच होते, पण थांबले. सांगितलं असतं तर सगळ्या कान देऊन ती घूंऽऽ ऐकू लागल्या असत्या, आणि मग कसलं गाणं अन् कसलं काय! पण न सांगावं, तर माझ्या पदवीचं काय?

सकाळी उठल्यावर ठरवलं. पिशवीत सगळ्यात आधी चार्जर भरला. त्यावर तो बिनअर्थिंगचा बोर्ड; न जाणो, उमरेडची वायरिंग चांगली निघाली तर! आणि आत्याला म्हणाले, "आत्या, तो आवाज परत आला गं. मला नाही जमलं."

आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाऊ दे वं बाई. शिकशील हळूहळू."