पाठ नसलेलं आसन

वस्तुसंग्रहालयातली मंडळी त्यांना ‘एकशब्दी’ म्हणत. पाठीमागे, अर्थात. समोर ‘साहेब’. एका वस्तूला एकच शब्द, हा साहेबांचा ध्यास. तसं त्यात वावगं काही नव्हतं. आधीच्या नोंदणीवाल्यांनी एकाच कंदिलाला कुठे कंदील, कुठे लालटेन, तर कुठे नुसतंच ‘जुना दिवा’ असं मनाला येईल ते लिहून ठेवलं होतं. शोधायला जावं तर निम्मे कंदील सापडत, निम्मे अंधारातच राहत. साहेबांनी कंबर कसली, दोन वर्षं खपले आणि प्रत्येक वस्तूचा प्रमाण शब्द ठरवला. उरलेले शब्द संगणकातून झाडून पुसून काढले. आता ही शब्दावली संध्याकाळी इतर संग्रहालयांकडे रवाना व्हायची होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

घरी मात्र बायकोने वात आणला होता. “ते खोलगट लहान पात्र पुढे करा, म्हणजे दही वाढते,” असं ती रोज न हसता म्हणायची.

शब्दावली जायची त्याच दिवशी दुपारी एक आजी आल्या. एका सुताराची लेक. वडील गेल्यावर त्यांची कामाची तिपाई भावाने संग्रहालयाला दिली होती. उद्या मुलगा आजींना कायमचा आपल्या गावी नेणार होता. त्याआधी एकदा ती डोळ्यांनी पाहायची होती. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी संगणकात ‘तिपाई’ टाकून पाहिलं. संगणक म्हणाला, अशी वस्तू नाही.

“टाकून दिलीत होय?” आजींनी विचारलं.

साहेब धावत आले. “छे छे, आजी! टाकतोय कशाला! तिला आता ‘आसन, पाठ नसलेले’ म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“म्हणजे… मी.”

साहेबांनी प्रमाण शब्द टाकला आणि पडदा भरून आसनं आली. पाय किती, ही नोंद साहेबांनीच रद्द केली होती. चारातला एक पाय मोडला म्हणून स्टुलाची तिपाई होते काय, असा बिनतोड सवाल त्यांनी तेव्हा सभेत केला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. देणगीदाराचं नाव शोधावं तर भावाने ते लिहूच दिलं नव्हतं.

शेवटी दोघं तळघरात उतरले. आजी एकेका तिपाईवर बसत, मान हलवत, उठत. साहेब हात द्यायला मागेमागे. कोपऱ्यातल्या एका ठेंगण्या तिपाईवर त्या बसल्या आणि चक्क एका अंगाला कलल्या. साहेब सावरायला झेपावले.

“असू दे, असू दे. आमच्या पडवीची जमीन उतरती होती. म्हणून बाबांनी एक पाय आखूड ठेवलेला. पडवीत ही अगदी सरळ बसायची.”

तिपाईला अडकवलेल्या चिठ्ठीवर साहेबांच्या सुबक अक्षरात ‘घडण सदोष’ असं लिहिलेलं होतं. साहेबांनी ती काढून गुपचूप खिशात घातली.

आजी बराच वेळ तशाच तिरक्या बसून राहिल्या. लाकडावरून हात फिरवत होत्या. साहेबांना घाई करवेना.

वर आल्यावर त्यांनी शब्दावलीची पाठवणी थांबवली. प्रमाण शब्द तसाच ठेवला, पण त्याच्याखाली एक नवी जागा केली. लोक ज्या नावाने शोधतील ती सगळी नावं तिथे लिहायची. कुठलंही टाकलं तरी वस्तू समोर यायला हवी.

“आजी, घरी आणखी काय म्हणायचात हिला?”

“आम्ही तिपाई. धाकटा भाऊ हिला घोडा म्हणायचा.”

साहेबांनी दोन्ही टंकलं. “आणि?”

“आई सवत म्हणायची. बाबा दिवसभर तिलाच चिकटलेले असत ना!”

साहेबांची बोटं थबकली. “अहो आजी, सवत? फर्निचरमध्ये?”

“मग कुठे घालणार? नातेवाइकांत?”

खिडकीवरच्या बाई खुदकन हसल्या. साहेबांनी एक लांब श्वास घेतला आणि टंकलं: सवत.