मनकर्णाबाईंनी उतरवलेला विमा

अमरावतीत पोराची असो की गाभण म्हशीची, दृष्ट उतरवावी ती मनकर्णाबाईंनीच. मीठ, मोहरी, मिरच्या निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, नाही लागला तर जबर होती.

१८६३ च्या उन्हाळ्यात त्यांची सागवानी माडी जळाली. अमेरिकेतल्या लढाईने कापसाचा भाव चढलेला, म्हणून नवऱ्याने, भगवंतरावांनी, जिन्याखालीसुद्धा कापूस ठासला होता. आता ते दगडमातीचं बसकं घर म्हणत होते. बाईंना माडीच हवी होती. सज्ज्यातून अख्खा बाजार दिसे. कोणाची सून माहेरी गेली, हे कोणाला विचारावं लागत नसे. शेवटी तडजोड झाली : मुंबईच्या कंपनीने विमा दिला तर लाकूड, नाहीतर दगड.

सुतारांनी खांब-तुळया उभ्या केल्या. कंपनीचा माणूस यायच्या दिवशी बाईंनी नवऱ्याला विचारलं, "थो येऊन करते काय?"

"आगीचा विमा उतरवते."

"मंग त्याले कायले बोलावता? उतरवणं त आपल्या घरचंच हाये!"

गोपाळकृष्ण नावाचे ते गृहस्थ अकोल्याहून आलेल्या बैलांच्या दमणीतून उतरले आणि मान वर करून तुळया न्याहाळू लागले. तेवढ्यात बाई मागून शेगडी घेऊन आल्या. मोहरी तडतडली, ठिणगी लाकडाच्या ढलप्यांत पडली आणि खांबाला जाळ लागला. बाईंनी पाहुण्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, सुतारांच्या रांजणात बुचकळलं आणि बडवून बडवून जाळ विझवला. गोपाळकृष्णांना खोकला आवरेना.

"ठसका लागला न भाऊ? मंग घराले दृष्ट नाई. लिवा तुमचं."

त्यांनी डोळे पुसत खांब नखाने खरवडला. जळक्या काळ्या थराखाली सागवान पिवळंधमक, शाबूत होतं.

"लाकूड जाड आहे, वरवरच जळतं. विमा मिळेल. पण खाली कापूस ठेवायचा नाही."

भगवंतराव खचले.

"आणि या घरात पुन्हा दृष्ट काढायची नाही."

आता बाई खचल्या. "कायमची?"

"विमा आहे तोवर."

"पाह्य मंग," भगवंतरावांना जरा बरं वाटलं, "माडी पायजे का मिरच्या?"

बाईंनी शेगडीत रांजणातलं पाणी ओतलं. "माडी," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून गावच्या दृष्टी शेजारच्या पार्वताबाईंच्या ओसरीवर उतरू लागल्या. तीही लाकडाचीच होती. पार्वताबाई कुरकुरल्या की मनकर्णाबाई म्हणत, "तुह्या घराले कोण्या कंपनीची आडकाठी नाई, बाई. नशीबवान हायस."